एका दमात बसणारं नाव

प्रिय ताई,

तुझं पत्र हातात पडून आज अकरा दिवस झाले. एव्हाना तू मला मनातल्या मनात चारदा तरी 'आळशी गाढवा' म्हणाली असशील. आळस नव्हता गं. दिवसभर तीनचाकीच्या टपावर कर्णा बांधून गावभर ओरडत फिरणारा हा तुझा भोंग्या, त्याला चार ओळी कागदावर उतरवायला अकरा दिवस लागले, यावरूनच काय ते ओळख. तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. आधीचे दोन कागद फाडले. पहिल्यात मी फार शहाणा दिसत होतो, दुसऱ्यात फार बिचारा. दोन्ही खोटे.

तू दोनच गोष्टी विचारल्यास. लॉन्ड्रीची जागा बेकरीवाल्याला देऊन टाकू का, कारण त्याचा माणूस महिनाअखेरीला भाचीच्या घरी, तू आता राहतेस तिथं, सही घ्यायला येणार आहे. आणि दुसरी, 'तुझे कान तिखट, सगळ्या गावाचं बोलणं तुझ्या कानांवरून जातं, तर एवढं शोधून दे, त्या तापाला माझ्या लॉन्ड्रीचं नाव पहिल्यांदा दिलं कुणी? त्यानं चारचौघांत एकदा, एकदाच, तोंडानं कबूल केलं तर मी परत येऊन भट्टी पेटवते. नाहीतर सही करते आणि इथेच नातवंडं सांभाळत बसते.' ही ओळ मी इतक्यांदा उघडून वाचली की घडीवर कागद विरलाय.

आधी दुकानाचं सांगतो, कारण ते सांगणं त्यातल्या त्यात सोपं. शटर तू लावलंस तसंच आहे, कुलपाला हात लागलेला नाही. पण ज्या ओट्यावर तू रोज सकाळी फिनेल ओतून स्वतः खराटा मारायचीस, कामाच्या बाईला सुद्धा हात लावू द्यायची नाहीस, त्या ओट्यावर आता गल्लीतली माणसं वापरलेले रुमाल, तोंडाच्या पट्ट्या, औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणून टाकतात. परवा एका चांगल्या घरच्या बाईंना मी गाडी थांबवून विचारलं, वहिनी, पलीकडे कचऱ्याचा डबा आहे की. तर म्हणाल्या, 'अहो, ती जागा तशीच आहे ना, तिथंच टाकलेलं बरं.' तशीच आहे! चौतीस वर्षं ज्या जागेतून अख्ख्या गावाचे कपडे पांढरेशुभ्र होऊन बाहेर पडले, ती चार महिन्यांत 'तशी' झाली. मला एवढी शिसारी आली की त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही. आणि तुला माहीत आहे, माझं जेवण सहसा कशानं अडत नाही.

ताप आता ओसरलाय. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, दर दोन-चार वर्षांनी येतो तसाच तो फ्लू होता, जरा दांडगा, इतकंच. पण त्यांनीच मला एक गंमत सांगितली, गंमत म्हणायची म्हणून. त्या म्हणाल्या, या खेपेला लोकांना गोळ्यांपेक्षा नावाची काळजी जास्त. बंगल्यांच्या रांगेतला माणूस फणफणून आला तरी आधी हात जोडून सांगायचा, 'बाई, मला साधी सर्दी आहे हं, हवा बदलल्याची, ते लॉन्ड्रीताप वगैरे नाही. आमच्याकडे घरात मशीन आहे.' आणि मागच्या गल्लीतल्या माणसाला नुसती शिंक आली की शेजारी मोकळे, लागला लॉन्ड्रीताप. एकच ताप, एकाच गोळीनं उतरणारा, पण बंगल्यात त्याचं नाव हवा आणि गल्लीत त्याचं नाव तू. किती जण तर नावाच्या भीतीनं दवाखान्यात आलेच नाहीत, अंगावर काढत घरात पडून राहिले. आणि घरातल्या म्हाताऱ्यांना देऊन बसले.

औषधवाल्याचं तर विचारूच नकोस. कापराच्या चार वड्या फडक्यात बांधून त्यानं पुरचुंड्या केल्या आणि काचेवर पाटी लावली, 'लॉन्ड्रीतापावर खात्रीशीर'. मी म्हटलं, शेठ, कापरानं ताप जातो होय? तर डोळा मारून म्हणाला, 'ताप नाही जात हो, भीती जाते. भीतीवर औषध विकायला परवाना लागत नाही.' हाच माणूस दर सोमवारी आपले पांढरे डगले तुझ्याकडे टाकायचा आणि काखेतला डाग गेला नाही म्हणून तुझ्याशी हुज्जत घालायचा. पोरांनी शिवाशिवीच्या खेळात 'तुझ्यावर राज्य' म्हणणं सोडून दिलं, आता म्हणतात 'तुला लॉन्ड्री लागली!' पोरांचं काय, ती ऐकतात तेच बोलतात. त्यांना ऐकवणारे कोण, ते पुढे येईलच.

मग कचेरीला जाग आली. साथ सुरू होऊन सात आठवडे झाल्यावर आरोग्य कचेरीनं फर्मान काढलं की आजाराला कुठल्याही जागेचं, धंद्याचं वा माणसाचं नाव देऊ नये. कारकून कागद घेऊन माझ्याकडेच आला, गावात कर्णा दुसऱ्या कुणाकडे आहे? मी दहा दिवस ओरडत फिरलो, 'या तापाला लॉन्ड्रीताप म्हणू नये हो, लॉन्ड्रीताप म्हणू नये.' दिवसाला दोनशे वेळा. ज्यांना ते नाव माहीत नव्हतं त्यांनाही माझ्या कृपेनं पाठ झालं. वेशीपलीकडच्या वस्तीतली एक आजी मला हाक मारून म्हणाली, 'बाळा, हा लॉन्ड्रीताप नवीन आलाय का रे? मागचाच अजून गेला नाही.' हसू येतं ना? मला त्या वेळी आलं होतं. आता आठवलं की तोंड कडू होतं.

पण तुला सगळ्यात जपून सांगायची गोष्ट म्हणजे कॉलरची. तू प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईनं त्याचा आकडा घालायचीस. तुझ्या हातचे ते बारीक, डावीकडे कललेले आकडे. गावातला निम्मा माणूस ते मानेला लावून फिरत होता आणि कुणाला त्याचं भानही नव्हतं. साथ आली आणि भान आलं. न्हाव्यानं सुरुवात केली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की गळ्याला कापड बांधायच्या आधी कॉलर उलटी करून बघायची. आकडा दिसला की गोड हसून म्हणायचं, 'दादा, आज जरा गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात या.' मग काय, घराघरांत कात्र्या निघाल्या. भले भले लोक कॉलरच्या आत कातरलेली भोकं घेऊन हिंडायला लागले. सरकारी नोकरीतली माणसं, शाळामास्तर. मानेमागे चौकोनी भोक, आणि चेहरा असा की आम्ही बाई नेहमी घरीच धुतो.

आणि एक दिवस मी खुर्चीत बसलेलो असताना आपले इस्त्रीवाले काका आले. आजारातून उठून महिना झाला होता, दाढी छातीपर्यंत आलेली, केस कानांवर. उंबऱ्याशी उभे राहिले. न्हावी म्हणाला, 'काका, कॉलर कापून या, मग बघू.' काका म्हणाले, 'हा आकडा मालकिणीनं स्वतःच्या हातानं घातलाय. मान काप म्हणालास तर कापून देतो, कॉलर नाही.' एवढं बोलून ते गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, ताई. गळ्याला कापड, तोंडाला साबण, हसलो. कारण माझ्या कॉलरलाही भोक होतं. माझा आकडा एक. तुझं पहिलं गिऱ्हाईक, तुझा भाऊ. तो आकडा मी साथीच्या पहिल्याच आठवड्यात, पत्रा कापायच्या कात्रीनं, गाडीत बसून कापला होता. एकूण एक शर्टांचा.

आता तुझा दुसरा प्रश्न. अकरा दिवस मी शोध घेत हिंडलो, अगदी फौजदारासारखा. न्हाव्याला विचारलं, तर तो म्हणाला औषधवाल्याच्या पाटीवर वाचलं. औषधवाला म्हणाला पेपरात आलं होतं. पेपरवाला, तोच तो, ज्यानं लॉन्ड्रीच्या दोरीवर वाळत घातलेल्या तापाच्या किड्यांचं चित्र छापलं, तो म्हणाला, 'आम्ही कुठं दिलं? लोक म्हणत होते, आम्ही छापलं.' लोकांना विचारलं तर लोक माझ्याकडे बघायला लागले. चेष्टा करतोय की काय, अशा नजरेनं. शेवटी घरी आलो, तर तुझी भावजय भांडी विसळता विसळता पाठ न वळवता म्हणाली, 'काखेत कळसा आणि गावाला वळसा. किती दिवस चालवणार आहात हे नाटक?' मी म्हटलं, कसलं नाटक? तर म्हणाली, 'अहो, मी त्या दिवशी तुमचं कौतुक केलं होतं. माझी पण जीभ झडली नाही.'

हो, ताई. ते नाव माझ्या तोंडून आलं.

तुला माझ्या धंद्याचा नियम ठाऊक आहे, कारण पहिला कर्णा मी तुझ्याच गच्चीवर, तुझ्याच बोर्डातून वीज घेऊन वाजवून पाहिला होता. गाडी चालत्या माणसाच्या चालीनं जाते. खिडकीतल्या माणसाच्या कानावर तीन घरांपुरतं बोलणं पडतं. तेवढ्यात, एका दमात, वाक्य संपलं पाहिजे. नाहीतर काय होतं? आठवतं, एकदा मी 'उद्या पाणी येणार' वर दम घेतला आणि 'नाही' पुढच्या गल्लीत जाऊन पडलं? अर्ध्या गावानं पिंपं रिकामी करून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं शंख केला. तेव्हापासून माझा नियम, एका दमात बसेल तेच बोलायचं. साथीच्या पहिल्या दिवशी कारकून कागद घेऊन आला. त्यावर विषाणूचं अक्षरं-आकड्यांचं लांबलचक नाव, मग 'या प्रकारच्या विषाणूमुळे उद्भवणाऱ्या हंगामी श्वसनविकाराचे तीन रुग्ण शहरातील एका लॉन्ड्रीत काम करणाऱ्या व्यक्तींमध्ये आढळले असून नागरिकांनी घाबरून न जाता' आणि असंच पुढे मैलभर. माझा दम 'उद्भवणाऱ्या'वरच संपला. मी खिशातून पेन काढलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं: 'लॉन्ड्रीतापापासून सावधान! खोकताना तोंड झाका!' कसं टुमदार बसलं. कारकूनही म्हणाला, वा, याला म्हणतात धंदा. संध्याकाळी घरी तुझी भावजय म्हणाली, आज तुमचं एकूण एक अक्षर कळलं हो. माझी छाती फुगली. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर त्या जिभेचं कौतुक. तुझ्या दारावरूनही गाडी नेली होती; भट्टीच्या आवाजात तू ऐकलंस की नाही, ते मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे एकही गाठोडं आलं नाही. तू मला म्हणालीस, लोकांना काय झालंय रे? मी म्हटलं, जाईल दोन दिवसांत. आठव्या दिवशी काचेवर दगड आला तेव्हाही मी हेच म्हटलं. तू गाव सोडायला पेटीत कपडे भरत होतीस तेव्हा पेटीवरच्या दोरीच्या गाठी मी मारून दिल्या. चांगल्या घट्ट मारल्या, वाटेत सुटू नयेत म्हणून.

इथंच थांबलो असतो तर पत्र फाडावं लागलं नसतं. धंद्याची चूक झाली, घाईत झाली, भाऊ भोळा, असं म्हणून तू ते पोटात घातलंही असतंस. पहिल्या कागदावर एवढंच होतं. पण खाई त्याला खवखवे. म्हणून काल काकांच्या खोलीवर गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली इस्त्री बाजूला ठेवली. हो, स्वतःचाच एक शर्ट रोज इस्त्री करतात, हाताची सवय मोडू नये म्हणून. मग एवढंच म्हणाले, 'गावाला सांगायच्या आधी मालकिणीला सांग. आणि अर्धं सांगू नकोस. अर्धं सांगायची तुला सवय आहे.'

तर उरलेलं अर्धं. साथीच्या आधीच्या आठवड्यात मी परगावच्या प्रदर्शनात कर्णे लावायला गेलो होतो, आठवतं? परत आलो तो अंगात ताप घेऊनच. घरी तुझ्या भावजयीला काळजी नको म्हणून सरळ तुझ्याकडे आलो, आणि दोन दिवस इस्त्रीच्या खोलीत गाठोड्यांवर पडून राहिलो, कारण त्या खोलीसारखी ऊब गावात कुठे नाही. तू गरम फडक्यानं माझी छाती शेकलीस. काकांनी मला स्वतःच्या पेल्यातून पाणी पाजलं. चौथ्या दिवशी काका पडले, मग त्या दोघी धुणाऱ्या. डॉक्टरीणबाई वही घेऊन लॉन्ड्रीत आल्या आणि तुला म्हणाल्या, इथं बाहेरगावाहून आजारी असं कुणी आलं होतं का? मी दारातच उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी बोलेन म्हणून वाट पाहिलीस, दोन श्वास, मी मोजले, मला मोजायची सवय आहे. मग मान खाली घालून म्हणालीस, नाही, कुणी नाही. आणि त्यांच्या वहीत तापाची पहिली जागा म्हणून तुझी लॉन्ड्री लागली. कारकुनाचा कागद आला तेव्हा मला नाव सुचलं ते दमामुळे नाही, ताई. दम हे कारण मी नंतर शोधलं. त्या कागदावर माझं नाव नाही हे बघून मला इतकं हायसं वाटलं की लॉन्ड्री हा शब्द मी जितका जोरात ओरडेन तितका मी सुरक्षित, असं झालं. तू माझं नाव घेतलं नाहीस आणि मी तुझं दिवसाला दोनशे वेळा घेतलं. गावाची मला शिसारी येते म्हणून मी वर पानं भरली. त्या न्हाव्याची, त्या कापरवाल्याची, ओट्यावर रुमाल टाकणाऱ्या बाईची. सगळे माझीच ओळ पाठ म्हणत होते.

म्हणून हे पत्र. बुधवारी तुझ्या हाती पडेल. गुरुवारी सकाळी मी गाडी काढणार आहे. गावाच्या आधी तुला कळलं पाहिजे, आणि दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये, एवढ्यासाठी लिहिलं. माफी मागत नाही, ती मागितली की तू देऊन टाकशील, मला तुझी खोड ठाऊक आहे. काय ओरडणार ते लिहून ठेवलंय: 'ऐका हो ऐका, हा ताप लॉन्ड्रीतून आला नाही, परगावाहून मी आणला, मी त्या लॉन्ड्रीत जाऊन झोपलो, माझ्या बहिणीनं मला झाकलं आणि मी तिच्या लॉन्ड्रीचं नाव तापाला दिलं.' काल तीनदा म्हणून पाहिलं. एका दमात बसत नाही. कापून लहान करायला गेलो की प्रत्येक खेपेला नेमका मीच त्यातून गळतो. तेव्हा नियम मोडायचा ठरवलाय. गाडी चालती ठेवायची नाही. प्रत्येक घरापुढे थांबवायची, इंजिन बंद करायचं, सगळं म्हणायचं, मग पुढचं घर. काका म्हणाले, मी शेजारी बसतो, नाहीतर तू मधलं घर गाळशील. तुझ्या भावजयीनं ट्रंकेच्या तळातून माझा एक जुना शर्ट काढून दिला, कात्रीतून निसटलेला. कॉलरच्या आत तुझ्या हातचा एक आहे, डावीकडे कललेला. तोच घालणार आहे. बेकरीवाल्याच्या माणसाला काय सांगायचं ते तू ठरव. मी फक्त एवढं कळवतो की तुझा ओटा आज सकाळी मी फिनेल टाकून घासला. तुझ्यासारखा निघाला नाही.

तुझाच, गाठोड्यांवर झोपवलेला धाकटा,
भोंग्या